द्राक्षाचा फवारलेला पाला गाईला घातला तर दुधात काय उतरतं?

द्राक्षबाग_निफाड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, जाणकारांनी सांगा. आमच्याकडे गोडी छाटणीनंतर फेलफुटी (नको असलेल्या फुटी) काढतात, शेंडे मारतात, तो सगळा पाला बांधावर पडतो. कामाला येणाऱ्या बायका शेळ्यांसाठी भारे बांधून नेतात, शेजारचे काका तर ट्रॉली भरून गाईंना नेतात. हिरवागार, फुकटचा, जनावरं पण आवडीने खातात. आता ऑक्टोबर-नोव्हेंबरात डाऊनीच्या (पानांवरच्या बुरशीच्या) भीतीने आम्ही एक दिवसाआड फवारा मारतो, पाऊस झाला तर रोज, कधी सकाळ-संध्याकाळ. द्राक्षं विकायची म्हणून आम्ही पीएचआय (शेवटचा फवारा ते काढणी यात सोडायचे दिवस) बघतो, लेबल क्लेम (औषधाला त्या पिकासाठी मान्यता) बघतो, रेसिड्यूचा (मालात उरलेल्या औषधाचा) रिपोर्ट आल्याशिवाय एक्स्पोर्टवाला बागेत कात्री लावत नाही. पण पाल्याला पीएचआय कुणी सांगितलाय? काकांना विचारलं तर म्हणाले, अरे इतकी वर्षं घालतोय, एक गाय मेली नाही. ते खरंच आहे. पण त्याच गाईंचं दूध माझ्या घरी येतं, पोरगी ३ वर्षांची आहे. गाय मेली नाही म्हणजे दूध चांगलं असं म्हणायचं का?

मिरची_ठेचा

काय खायचं आणि काय नाही आता. हवा विषारी, पाणी विषारी, दूध विषारी. आमच्या आज्याने आयुष्यात फवारा मारला नाही, ९० वर्षं जगला, दात शाबूत. देशी गाय पाळा, रसायन बंद करा, विषय संपला.

प्रयोगवही

@मिरची_ठेचा, तुमच्या आज्यांच्या काळातच खरी गडबड होती हो :) हिवताप निर्मूलनाची माणसं घरोघर भिंतींवर डीडीटी मारून जायची, ढेकणांना आणि धान्याला बीएचसी पावडर, म्हणजे तीच गॅमेक्सिन, लोक हाताने चोळायचे. डीडीटी शेतीत वापरायला आपल्याकडे १९८९ ला बंदी आली, बीएचसी १९९७ ला गेली, लिंडेन त्यानंतरही बरीच वर्षं होतं. आणि हीच औषधं शरीरात सगळ्यात जास्त टिकणारी.

मी रेसिड्यू लॅबमधे काम करतो (पुण्यात, नाव सांगत नाही) त्यामुळे थोडं लांबेल, सहन करा. "रसायन" असा एकच ढीग केला की काहीच कळत नाही. दोन प्रश्न विचारायचे. एक, ते पाण्यात विरघळतं का चरबीत? दोन, लिव्हर त्याला तोडू शकतं का? शरीराला एखादी गोष्ट बाहेर टाकायची तर ती पाण्यात विरघळेल अशी करून लघवीतून काढणं हा सरळ रस्ता. डीडीटीचं होतं काय की शरीर त्याला थोडं बदलून डीडीई करतं आणि तिथे गाडी अडते, डीडीई ना धड तुटत ना लघवीत जात, ते जाऊन चरबीत बसतं आणि माणसात निम्मं व्हायला वर्षानुवर्षं लागतात. बीएचसीमधला बीटा नावाचा भाग तसाच चिवट. म्हणून वापर बंद होऊन कितीतरी वर्षं झाली तरी दुधात, तुपात, आईच्या दुधातसुद्धा ही नावं अजून सापडतात.

याउलट मोनोक्रोटोफॉस घ्या. लाल त्रिकोणवालं जहाल औषध, थोडं पोटात गेलं तरी माणूस जातो, पण वाचला तर ते काही दिवसांत तुटून लघवीतून निघून जातं, चरबीत साठत नाही. म्हणजे जे जास्त विषारी तेच जास्त टिकतं असं अजिबात नाही. डीडीटी पोटात गेल्यावर कुणी पटकन मरत नव्हतं म्हणून तर ते सुरक्षित समजलं गेलं, आणि पॉल म्युलर यांना १९४८ चं नोबेल मिळालं तेही त्याच्या कीटकनाशक गुणासाठीच.

निफाडकर, तुमच्या पाल्यावर नेमकं काय काय मारलंय ते लिहा, मग बोलता येईल.

द्राक्षबाग_निफाड

लिहितो. बोर्डो, मॅन्कोझेब, डायमेथोमॉर्फ, मेटॅलॅक्झिलवालं कॉम्बिनेशन, फॉसेटिल, भुरीला सल्फर आणि ट्रायअझोलपैकी एखादं. किडीला इमिडाक्लोप्रिड, मिलीबगला बुप्रोफेझिन, थ्रिप्सला स्पिनोसॅड नाहीतर इमामेक्टिन. वर जीए (मणी वाढवायचं संप्रेरक). सगळं लेबल क्लेमचं आहे.

गुरांचा_डॉक्टर

रिटायर्ड पशुवैद्यक, नगर-सांगली भागात नोकरी झाली, आता नातवंडं सांभाळतो. उत्तर देतो.

लेबल क्लेम आणि पीएचआय हे द्राक्षमण्यासाठी असतात. पाल्याचं गणित वेगळं. मणी गोल आणि वजनदार, वरून मेणाचा थर. पान म्हणजे नुसता पसरलेला पृष्ठभाग, वजन काही नाही. त्यामुळे एकाच फवाऱ्यात एक किलो पाल्यावर बसणारं औषध एक किलो मण्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. शिवाय मणी पुढे फुगतो, तेवढंच औषध जास्त वजनात वाटलं जातं. तुमचा खुडलेला शेंडा फुगणार नाही, काल मारलं आणि आज गाईच्या पोटात. मण्याचा पीएचआय पाल्याला लावणं म्हणूनच चूक आहे, पाल्याला आणखी जास्त थांबायला हवं. पण आठवडाभर थांबला तर पाला वाळतो, मग कोण नेतंय.

तुमच्या यादीतली बहुतेक औषधं जनावराच्या रुमेनमधे (पोटाच्या मोठ्या कप्प्यात) आणि लिव्हरमधे बऱ्यापैकी तुटतात, उरलेली शेण-लघवीतून जातात, दुधात उतरणारा वाटा लहान असतो. इमामेक्टिनकडे जरा लक्ष द्या. आपण जंतासाठी जे आयव्हरमेक्टिन देतो त्याच घराण्यातलं आहे ते. आयव्हरमेक्टिन चरबीत विरघळतं, दुधात उतरतं, म्हणून दुभत्या गाईला ते देऊ नये असं आम्ही सांगत आलोय (ऐकत कोणी नाही ही गोष्ट वेगळी). बरंचसं शेणातून तसंच्या तसं बाहेर पडतं आणि त्या शेणातले शेणकिडे, त्यांच्या अळ्या मरतात. शेणाचा पो लवकर कुजत नाही असं कुठे दिसलं तर एकदा जंताच्या औषधाची चौकशी करा.

पण तुमच्या यादीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट पहिलीच लिहिली आहे तुम्ही. बोर्डो. तांबं. ते नैसर्गिक-सेंद्रिय शेतीतही चालतं म्हणून लोकांना निरुपद्रवी वाटतं. तांबं तुटत नाही, ते मूलद्रव्य आहे, कशात तुटणार? चरबीत जात नाही, लिव्हरमधे साठतं. गाय बऱ्यापैकी सहन करते, शेळीही थोडीफार. मेंढी मात्र अजिबात नाही. मेंढीच्या शरीराला जादा तांबं बाहेर टाकणं नीट जमतच नाही. महिनोन्महिने साठत राहतं, वरून मेंढी ठणठणीत, आणि मग एखादा ताण आला, लांबचा प्रवास, पाऊस, काहीही, की लिव्हरमधलं तांबं एकदम रक्तात सुटतं, तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, एक-दोन दिवसांत खेळ खलास. लोकांना वाटतं काहीतरी साथ आली. धनगरांचे वाडे द्राक्षपट्ट्यात बसवतात ना खतासाठी, तिथे छाटणीचा पाला समोर असतोच. मेंढ्यांना बोर्डो मारलेला पाला कधीही नको.

सई_आई

बापरे. मी पुण्यात राहते, शेतीतलं काही कळत नाही पण धागा वाचून घाबरले. मला साधं सांगा, दूध उकळल्यावर हे जातं का? आणि भाज्या फळं मी मिठाच्या पाण्यात ठेवते त्याचा उपयोग आहे का? घरी साईचं तूप करते ते तरी चांगलं ना?

प्रयोगवही

सई ताई, तूप आधी घेतो कारण तिथेच गंमत आहे. जे चरबीत विरघळतं ते दुधात असताना दुधाच्या फॅटमधेच असतं. म्हशीच्या दुधात ७ टक्के फॅट धरली आणि तूप म्हणजे जवळपास सगळी फॅटच, तर दुधात जे एक भाग होतं ते तेवढ्याच वजनाच्या तुपात साधारण चौदा भाग. म्हणजे तूप वाईट असं नाही, दुधापेक्षा तूप आपण कितीतरी कमी खातो, हिशोब तिथे बराचसा मिटतो. पण "तूप शुद्ध, त्यात काही नसतं" हे खरं नाही. उलट, जुन्या डीडीटी-बीएचसीचा माग काढायचा तर आम्ही आधी फॅटच तपासतो.

उकळून म्हणाल तर जंतू मरतात, ही औषधं बहुतेक नाही. काही तर तापवल्यावर बदलतात, मॅन्कोझेबपासून उष्णतेने इटीयू नावाचा पदार्थ होतो आणि थायरॉइडच्या बाबतीत मूळ औषधापेक्षा त्याचीच काळजी जास्त.

धुण्याबद्दल. औषध स्पर्शजन्य असेल, सालीवर बसलेलं असेल, तर वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की बराच भाग जातो. आंतरप्रवाही असेल तर ते झाडाच्या रसातून आत गेलेलं असतं, बाहेरून कितीही धुवा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ ला सफरचंदावर हे करून पाहिलं होतं, साधं पाणी, क्लोरीनचं पाणी आणि खायच्या सोड्याचं पाणी. सोड्याचं सगळ्यात सरस ठरलं, पृष्ठभागावरचं औषध १२ ते १५ मिनिटांत काढलं, पण थायाबेंडाझोल या बुरशीनाशकाचा साधारण पाचवा हिस्सा सालीच्या आत शिरलेला होता, तो काही निघाला नाही. मिठाच्या पाण्याने नुकसान काही नाही, पण त्यावर फार भरवसा ठेवू नका, हाताने चोळणं जास्त महत्त्वाचं.

आणि धुण्याच्या भरवशाची सगळ्यात भयंकर गोष्ट इराकमधली आहे. १९७१ च्या शेवटी तिथे परदेशातून गव्हाचं आणि बार्लीचं बियाणं आलं, बुरशी लागू नये म्हणून मिथाइल मर्क्युरीची प्रक्रिया केलेलं, ओळखू यावं म्हणून गुलाबी रंग दिलेलं. पेरणी होऊन गेली होती, पोत्यावरचा मजकूर तिथल्या लोकांना वाचता येत नव्हता. लोकांनी दाणे धुतले, रंग गेला, त्यांना वाटलं विष गेलं. काहींनी आधी कोंबड्यांना, मेंढ्यांना घालून बघितलं, थोडे दिवस काही झालं नाही. मग भाकरी केल्या. पारा शरीरात हळूहळू साठतो, लक्षणं यायला आठवडे लागतात. सरकारी आकड्यानुसार ६,५३० लोक दवाखान्यात आणि ४५९ मृत्यू. निफाडकर, तुमच्या काकांचं "एक गाय मेली नाही" वाचलं तेव्हा मला हेच आठवलं होतं. जनावर धडधाकट दिसणं ही तपासणी नव्हे.

अस्सल_सोलापुरी

लेख टाका राव वेगळा यावर. वाचनखूण साठवली आहे.

टूवूम्बाकर

मी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला असतो, आजूबाजूला कापूस आणि गुरं दोन्ही भरपूर. इथली एक घटना या धाग्याला अगदी चपखल बसते.

१९९४ ला न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमधे मोठा दुष्काळ होता, चारा नाही. कापूस जिनिंगला गेला की जो कचरा उरतो, पानं, बोंडांची टरफलं, काड्या, तो लोकांनी गुरांना घातला. फुकट चारा, अगदी तुमच्या पाल्यासारखाच. त्या कापसावर क्लोरफ्लुअझुरॉन नावाचं अळीचं औषध मारलेलं होतं. ते अळीला कात टाकू देत नाही, गाईला त्याने तसं काही होत नाही, गुरं तगली, सगळे खूश. पण औषध होतं पक्कं चरबीत बसणारं. बीफच्या तपासणीत ते सापडायला लागलं आणि हाहाकार, कारण इथला माल जपान, कोरिया, अमेरिकेला जातो. गोठेच्या गोठे अडवून ठेवले, चरबीतलं प्रमाण उतरायला महिनोन्महिने लागले, ज्या गाई व्यायलेल्या होत्या त्यांच्या दुधातून ते वासरांत पण गेलेलं.

त्यानंतर इथे गुरं विकताना मालकाला लेखी द्यावं लागतं की या जनावराने काय खाल्लं, कोणतं औषध दिलं, फवारलेल्या रानात चरलं का. आणि कापसाचा कचरा गुरांना घालणं बंद झालं. पुढे एंडोसल्फानचंही झालं, शेजारच्या कापसावर विमानाने फवारणी आणि वाऱ्याने ते कुरणावर, परत बीफमधे. इथल्या शेतकऱ्याला आता फवाऱ्याच्या तारखेपेक्षा चाऱ्याची पावती जास्त जपावी लागते.

वऱ्हाडी_झटका

टूवूम्बाकर भाऊ, तुम्ही तर आमच्याच घरातलं सांगून राहिले. आमच्या इकडे वेचणी आटोपली का पऱ्हाटीत ढोरं सोडतेत, बकऱ्या तर उभ्या पऱ्हाटीचे शेंडे खातेत. कोणी लिहून देत नाही न कोणी विचारत नाही. शेवटचा फवारा कधी मारला हे मालकालेच आठवत नाही तर ढोराले कोण सांगणार.

२०१७ ले आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं जी माणसं गेली ते सगळ्यायनं टीव्हीवर पाहिलं. वीसच्या वर मेले, शेकडो दवाखान्यात. उंच वाढलेली पऱ्हाटी, पंपाचा फवारा तोंडावर, दोन-तीन औषधं एकत्र केलेली, उन्हात उघड्या अंगानं. ते अंगावर येणारं विष झालं. तुम्ही जे बोलून राहिले ते हळू येणारं, त्याची बातमी होत नाही. पण दोन्ही एकाच डब्यातून निघते.

माझा प्रश्न सरकीचा. आम्ही सरकी पेंड देतो म्हशीले, त्यात उतरते का काही?

गुरांचा_डॉक्टर

चांगला प्रश्न विचारलात. सरकी बोंडाच्या आत असते, वर कापूस, त्याच्यावर टरफल, त्यामुळे थेट फवारा तिथवर कमी पोचतो, आंतरप्रवाही असेल तरच थोडंफार. पानं-टरफलं आणि सरकी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेंडीची मला जी भीती आहे ती औषधाची नाहीच, बुरशीची आहे.

सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका, ओल्या कोठारात राहिली की पिवळट-हिरवी बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन बी१ तयार होतं. गाय ते खाते, तिचं लिव्हर त्याचं एम१ करतं आणि ते दुधात उतरतं, तेही एक-दोन दिवसांतच. उकळून जात नाही, दही लावलं तरी राहतं. एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०१८ ला देशभर दुधाचा सर्व्हे केला होता, ६,४३२ नमुने. भेसळ लोकांना वाटते त्यापेक्षा फारच कमी निघाली, १२ नमुने. अफ्लाटॉक्सिन एम१ मात्र ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त, म्हणजे ५.७ टक्के. अँटिबायोटिकचे ७७. पेपरात मात्र चर्चा भेसळीचीच जास्त.

म्हणजे निफाडकर, तुमच्या मुलीच्या दुधाचं विचाराल तर मी आधी काकांच्या गोठ्यातल्या पेंडीचं पोतं उघडून वास घेईन, मग काससुजीला इंजेक्शन दिलेल्या गाईचं दूध ते किती दिवस बाजूला काढतात ते विचारीन, मग पाल्याकडे बघीन. अँटिबायोटिकचं तर घरीच कळतं कधी कधी, दही लागत नाही. बाई म्हणते विरजण बिघडलं, आणि असतं ते पेनिसिलीन, विरजणातले जंतूच मारून टाकतं. (दही न लागण्याची इतर कारणंही असतात, लगेच गवळ्याला धरू नका.)

एक राहिलंच. गोचिडांचं औषध. डेल्टामेथ्रीन-सायपरमेथ्रीनचं पाणी करून गाईच्या अंगावर मारतात ते ठीक, त्याचं प्रमाण आणि दूध न वापरण्याचा काळ बाटलीवर असतो. पण तेच खुराड्यात कोंबड्यांवर, किंवा शेतातलं उरलेलं औषध गोठ्यात, हे बघितलंय मी. २०१७ ला नेदरलँड्स आणि बेल्जियममधे कोंबड्यांवरच्या लाल माइटसाठी वापरायच्या एका "वनस्पतिजन्य" साफसफाईच्या औषधात कुणीतरी फिप्रोनिल मिसळलं होतं. फिप्रोनिल चरबीत बसतं, कोंबडीत चरबीचा उत्तम साठा कुठे, तर पिवळ्या बलकात. लाखो अंडी फेकली, कोंबड्या मारल्या. फिप्रोनिल आपल्याकडे दुकानात सहज मिळतं हे सांगायला नको.

मिरची_ठेचा

म्हणजे मी म्हणत होतो तेच ना. सगळीकडे विष.

प्रयोगवही

नाही हो. तुम्ही म्हणता "सगळीकडे", आम्ही म्हणतो "कुठे, किती, कशात". मशीन आता इतकं बारीक मोजतं की "सापडलं" या शब्दाला एकट्याने काही अर्थ उरलेला नाही. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे ०.०१ मिलीग्रॅम प्रति किलो धरतात. १० टन द्राक्षांत सगळं मिळून एक दशांश ग्रॅम, चिमूटभर पण नाही. एमआरएल (मालात औषध किती उरलेलं चालेल ती कायद्याची मर्यादा) ओलांडली म्हणजे खाणारा आजारी पडणार असंही नसतं, एमआरएल ही मुळात औषध लेबलप्रमाणे वापरलं तर जास्तीत जास्त किती राहील यावरून ठरते, आरोग्याची मर्यादा वेगळी असते, रोज किती पोटात गेलं तर चालेल ती. ती प्राण्यांवरच्या चाचणीत काहीच परिणाम न दिसलेल्या मात्रेला साधारण शंभराने भागून काढतात.

याचा अर्थ एमआरएल ओलांडली तर चालतं असा काढू नका. द्राक्षवाल्यांना विचारा, २०१० ला क्लोरमेक्वाटने, सीसीसीने, काय झालं ते.

द्राक्षबाग_निफाड

नका आठवण काढू साहेब. वेलीची वाढ रोखायला सगळेच मारायचे तेव्हा, फळावर नाही तर खरड छाटणीनंतर मारलेलं, एप्रिल-मेमधे. आणि माल निघाला फेब्रुवारी-मार्चमधे. आम्ही म्हणत होतो इतक्या महिन्यांनी कसं राहील. कंटेनर तिकडे युरोपात अडकले, भाव पडले, कितीजणांच्या बागा कर्जात गेल्या.

प्रयोगवही

तेच तर. क्लोरमेक्वाट पाण्यात मस्त विरघळतं, म्हणजे माझ्या वरच्या "पाण्यात विरघळणारं लवकर जातं" या नियमाने ते निघून जायला हवं. पण तो नियम जनावराचा, ज्याला लघवी आहे. वेलीला लघवी नाही! ती ते खोडात-काडीत ठेवून देते आणि पुढच्या हंगामात रस वर चढला की घडात पाठवते. युरोपात नाशपातीच्या झाडात हे आधीच दिसलेलं होतं, एका वर्षी मारलेलं दुसऱ्या वर्षी फळात. आणि आपल्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते नव्हतंच, नेहमीच्या बहुअंश पद्धतीत (एकदम अनेक औषधं शोधायच्या) ते दिसतही नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. रिपोर्ट क्लीन याचा अर्थ फक्त "जे शोधलं ते सापडलं नाही". मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने नंतर ते यादीत घेतलं.

पानगळ_रायगड

अवांतर वाटेल पण लिहितोच. आमच्या म्हसळ्याच्या चिरगावला गिधाडांची वसाहत आहे, गावकऱ्यांनी जपलेली. गिधाडं का संपली ते या चर्चेत बसतं. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे. ते चरबीत साठत नाही, गाईच्या शरीरातून थोड्या दिवसांत निघून जातं. पण त्या थोड्या दिवसांत गाय मेली आणि गिधाडांनी खाल्ली, की गिधाडाची किडनी बंद, आतल्या अवयवांवर युरिक अॅसिडची पांढरी पूड. २००४ ला पाकिस्तानातल्या गिधाडांवर काम करून शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलं, आपल्याकडे २००६ ला जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला होती त्यातली हजारात एखादी उरली होती. शंभर मढ्यांत एखादं डायक्लोफेनॅकवालं असलं तरी एवढी पडझड व्हायला पुरेसं होतं, कारण एका मढ्यावर पन्नास-पन्नास गिधाडं बसतात. त्यामुळे "लवकर निघून जातं" हे ऐकून मला निश्चिंत वाटत नाही. कोण खातंय आणि कधी खातंय त्यावर आहे सगळं.

गुरांचा_डॉक्टर

अवांतर नाही, मुद्द्याचं आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं, आम्ही तेच लिहून द्यायला लागलो. २०२३ ला किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवर पण बंदी आली, अॅसिक्लोफेनॅक तर गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं.

द्राक्षबाग_निफाड

सगळ्यांचे आभार, खूपच माहिती मिळाली. काकांशी बोललो. ते म्हणतात ठीक आहे, दुभत्या गाईंना नाही घालत, भाकड गाईंना आणि कालवडींना घालतो, त्यांचं दूध कुठे कोण पितंय. हे चालेल ना?

गुरांचा_डॉक्टर

काकांचं डोकं चालतं, पण उलट्या दिशेने. दुभत्या गाईला दूध हा बाहेर टाकायचा रस्ता असतो, रोज थोडं थोडं जातं. भाकड गाईला तो रस्ता बंद. जे चरबीत बसणारं आहे ते साठत राहतं. मग गाय विते, पहिले काही आठवडे खाणं कमी आणि दूध जास्त, अंगावरची चरबी वितळवून ती दूध देते, आणि साठलेलं सगळं त्या दुधात येतं. चीक वासराला आणि आपल्या घरी खरवसाला. कालवडीचं तर पहिलंच वेत. माणसातही असंच, आईच्या अंगातलं जुनं डीडीई पहिल्या बाळाला जास्त मिळतं. (सई ताई, म्हणून स्तनपान थांबवायचं असं अजिबात नाही, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते, फायदा कितीतरी मोठा आहे.)

तुमच्या यादीत डीडीटीसारखं काही नाही त्यामुळे प्रत्यक्षात फार बिघडणार नाही, पण भाकड गाय म्हणजे सुरक्षित ही समजूत काढून टाका. घालायचाच असेल तर छाटणीनंतर पहिला फवारा पडायच्या आधीचा पाला, किंवा बैलांना.

वऱ्हाडी_झटका

बैल कुठी राहिले डॉक्टरसाहेब. ट्रॅक्टर पाला खात नाही.

द्राक्षबाग_निफाड

:))) काकांना दूध तपासून घ्यायला तयार केलंय. कसं न्यायचं, काय सांगायचं लॅबला?

प्रयोगवही

एका गाईचं नको, सगळ्या गोठ्याचं मिसळलेलं दूध घ्या, सकाळचं, न तापवलेलं, काचेच्या स्वच्छ बाटलीत. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात नेऊ नका, हसू नका, लोक आणतात. २०१३ ला बिहारमधे छपऱ्याजवळच्या शाळेत २३ मुलं गेली ती मोनोक्रोटोफॉसच्या डब्यात ठेवलेल्या तेलाने.

लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेली बघा, आणि त्यांच्या मान्यतेच्या यादीत "दूध" आहे का ते विचारा, नुसतं द्राक्ष असून भागत नाही, दुधाची फॅट बाजूला काढून मोजायची पद्धत वेगळी असते. "सगळं तपासा" असं म्हणू नका. मागच्या महिन्यात बागेत काय काय मारलं त्याची नावं आणि तारखा लिहून न्या, त्यावरून काय शोधायचं ते ते ठरवतील. डायथायोकार्बामेट म्हणजे मॅन्कोझेबचा गट आणि फॉसेटिल यांची तपासणी वेगळी असते, नेहमीच्या पॅकेजमधे बहुतेक येत नाही, ते आधीच विचारून घ्या. आणि त्याच नमुन्यातून अफ्लाटॉक्सिन एम१ पण करून घ्या, डॉक्टर म्हणाले ते बरोबर आहे, मी पैज लावायची तर त्याच्यावरच लावीन.